२६ नोव्हेंबर : ‘तुमचं’ संविधान?

नोव्हेंबर उजाडला की बोरी बुद्रुकमध्ये मला हमखास कुणीतरी विचारतो, “दादा, २६ तारखेला शहिदांना श्रद्धांजली वाहायची, की तुमचं संविधान वाचायचं?” विचारणारा शत्रू नसतो, आपल्यातलाच असतो. पण ‘तुमचं’ हा शब्द खटकतो. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेने संविधान स्वीकारले ते सगळ्या भारतीयांच्या नावाने. एकट्या बौद्धवस्तीसाठी नव्हे. तरी अनेक गावांत संविधान दिन विहारात आणि श्रद्धांजली चौकात, अशी तारखेचीही वाटणी झाली आहे.

२००८ साली याच तारखेला मुंबईवर हल्ला झाला. केडंबे गावच्या तुकाराम ओंबळे यांनी हाती फक्त लाठी असताना गोळ्या अंगावर झेलल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. पुढे त्याला जमावाच्या हवाली केले नाही. वकील दिला, खटला चालवला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील ऐकले आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी दिली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. ही कुणाची मेहेरबानी नव्हती. कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचाही जीव घेता येत नाही, हे अनुच्छेद २१ सांगतो. ओंबळेंनी आरोपी कायद्याच्या हाती दिला, संविधानाने न्याय केला. मग या दोघांत भांडण कुठे आहे?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे : चौक एकच ठेवा. आधी शहिदांना अभिवादन, मग तिथेच उद्देशिकेचे वाचन. आणि ती वाचायला फक्त आमच्याच पोरांना पुढे करू नका.

जय भीम! जय संविधान!