फ्लॉरेन्सच्या डोंगरातील शाळा

माझा भाचा इटलीत फ्लॉरेन्सला शिकतो. त्याने तिकिटाचे जमवले, मी कार्यालयातून पंधरा दिवसांची अर्जित रजा मंजूर करून घेतली आणि गेलो. कारकुनाच्या आयुष्यात असा योग एकदाच येतो, म्हणून दोन दिवस पाय दुखेपर्यंत शहर पाहिले. तो प्रचंड घुमट पाहिला. त्याच्या शेजारचा मनोरा पाहिला. जोत्तो या चित्रकाराने १३३४ साली त्याचे काम सुरू केले. आर्नो नदीकाठच्या उद्यानात तर कोल्हापूरचे राजाराम महाराज भेटले. शाहू महाराजांच्या आधी कोल्हापूरच्या गादीवर असलेले हे तरुण राजे परदेशवारीहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. नदीकाठी त्यांचे दहन झाले आणि तिथेच छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे. वय अवघे वीस.

रात्री भाचा म्हणाला, "मामा, हे सगळे बघायला जग येते. उद्या तुम्हाला तुमच्या कामाच्या जागी नेतो."

सकाळच्या गाडीने आम्ही विक्क्योला निघालो. गाडी सिएवे नदीच्या खोऱ्यातून जाते. या भागाला मुजेल्लो म्हणतात. खिडकीतून शेते, ऑलिव्हची झाडे, टेकडीवरची दगडी घरे दिसत होती. मी म्हटले, काय सुखी लोक असतील! भाचा हसला. ती घरे तिथे राबणाऱ्यांची नव्हती. जमीन मालकाची, घरही मालकाचे, आणि पिकाचा निम्मा वाटा मालकाच्या कोठारात, अशी अर्धेलीची पद्धत इथे शतकानुशतके चालली. असे नवे करार करायला कायद्याने बंदी झाली ती १९६४ साली. फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणारे मेदिची घराणेही मूळचे याच खोऱ्यातले. त्यांचे वाडे अजून उभे आहेत.

विक्क्योजवळच्या एका वाडीत जोत्तोचा जन्म झाला असे मानतात. दंतकथा अशी, की मेंढरे राखताना हा पोरगा दगडावर मेंढीचे चित्र काढत होता, तिथून चिमाबुए नावाचा मोठा चित्रकार चालला होता, त्याने ते पाहिले आणि पोराला शिकायला नेले. गोष्ट गोड आहे. पण मला वाटले, त्या दिवशी तो चित्रकार दुसऱ्या वाटेने गेला असता तर?

आमचे ठिकाण मात्र पुढे होते, डोंगराच्या उतारावर. नाव बार्बियाना. गाव म्हणावे असे काही नाही. एक चर्च, त्याला लागून पाद्र्याचे घर, एक छोटी दफनभूमी आणि झाडीत विखुरलेली घरे. पाहायला जायचे तर आधी कळवावे लागते. आम्ही डोंगरातल्या पायवाटेने चढलो. या वाटेचे नावच संविधानाची वाट. ठिकठिकाणी फलक आहेत, त्यावर इटलीच्या संविधानाची कलमे आणि शाळकरी मुलांनी काढलेली चित्रे. ते संविधान १ जानेवारी १९४८ ला अमलात आले, आपल्या आधी दोन वर्षे. तिसऱ्या कलमाच्या फलकापाशी भाच्याने अर्थ सांगितला : सर्व नागरिक समान आहेत, आणि समानतेच्या आड येणारे आर्थिक व सामाजिक अडथळे दूर करणे हे प्रजासत्ताकाचे काम आहे. मी तिथे बराच वेळ थांबलो. दमही लागला होता, खोटे कशाला सांगू.

१९५४ च्या डिसेंबरात लोरेन्झो मिलानी नावाचा पाद्री इथे आला. फ्लॉरेन्सच्या सुखवस्तू, शिकलेल्या घरातला. आधीच्या गावी त्याने तरुण कामगारांसाठी रात्रशाळा चालवली होती. त्याची मते वरिष्ठांना खटकत, म्हणून त्याला या कोपऱ्यात पाठवले. तेव्हा इथे रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. आपल्याकडे नकोशा माणसाची बदली कुठे करतात ते मी कार्यालयात पाहिले आहे. अशी माणसे बहुधा झुरतात किंवा वशिला शोधतात. याने शाळा काढली.

ती खोली अजून तशीच आहे. मोठी टेबले, त्यांच्याभोवती बसून शिकायचे. भिंतीवर मुलांनी स्वतः काढलेले नकाशे आणि तक्ते. प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत असे. सगळी मुले तिच्याभोवती गोळा होत. मोठी मुले लहानांना शिकवत. वर्तमानपत्र रोज मोठ्याने वाचले जाई. शाळा दिवसाला बारा तास, वर्षाचे ३६५ दिवस, रविवारसुद्धा! आपली पोरे पळून जातील. पण तिथल्या मुलांचा हिशेब सरळ होता : शाळा नाही तर गोठ्यातले शेण आहेच. डोंगरातल्या पोरांना पाण्याची भीती वाटे, म्हणून त्यांनी स्वतः खणून पोहायचा छोटा हौद केला. एका मुलाला ओढा ओलांडून येता यावे म्हणून पूल झाला, तोही आहे.

१९६७ साली इथल्या आठ मुलांनी मिळून एक पुस्तक लिहिले, 'एका शिक्षिकेस पत्र'. नापास करणाऱ्या बाईंना लिहिलेले. नापास कोण होते याचे तक्ते त्यांनी स्वतः मांडले : शेतकऱ्याची पोरे, मजुराची पोरे. पत्र बाहेर पडले आणि त्याच वर्षी, २६ जूनला, मिलानी कर्करोगाने गेला. वय ४४. तिथल्या दफनभूमीत त्याची साधी कबर आहे.

भाच्याने त्या पत्राची इंग्रजी प्रत दिली होती. शब्दकोश घेऊन आदल्या रात्री मी थोडी वाचली होती. त्या टेबलापाशी उभा राहिलो आणि मला घाम फुटला. कारण ते पत्र मलाही लागू होते.

आमच्या वस्तीत मी बारा वर्षे अभ्यासिका चालवतो. तीन वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा इंग्रजी आणि गणितात दोनदा नापास झाला. त्याची आई धुण्याभांड्याची कामे करते. ती विचारायला आली तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, याच्या डोक्यात शिक्षण जायचे नाही. कामाला लावा, हाताला वळण लागेल." ती माझ्यावर विश्वास ठेवून गेली. मुलगा गोदामात माल चढवू लागला. रस्त्यात भेटला की अजून नमस्कार करतो. त्याचे नाव मी कधी कुठल्या तक्त्यात लिहिले नाही. अभ्यासिकेचा वार्षिक अहवाल मीच लिहितो, त्यात फक्त पास झालेल्यांची यादी असते.

उतरताना भाचा विचारत होता, मामा, गप्प का? मी म्हटले, गुडघे दुखतात.

परत आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मुलगा पाळीवर होता. वहिनींनी चहा ठेवला. मी म्हणालो, "वहिनी, तेव्हा मी चुकीचे सांगितले. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. मी शिकवीन." त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याला रविवारीच सुटी असते, भाऊ. आणि रविवारी तुमची अभ्यासिका बंद."

त्या रविवारी सकाळी आठ वाजता मी कुलूप काढून बसलो. तो साडेनऊला आला, वही नव्हती, पेनही नव्हते. माझे पेन दिले.