दिवाणखान्यातला संगणक आणि आवाजाचा प्रश्न

टीव्हीला कायमचा जोडून ठेवायचा, चित्रपट, गाणी आणि घरातील जुनी चित्रणे त्यावरून लावायची, आणि रात्रीच्या एखाद्या निःशब्द प्रसंगात त्याची घरघर कानावर येऊ द्यायची नाही, अशा कामासाठी जो संगणक जुळवला जातो त्याला होम थिएटर पीसी म्हणतात. तो कमी खर्चात जुळवू पाहणारे बहुतेक जण ‘सायलेंट’ असा शिक्का असलेला पंखा आणि कॅबिनेट शोधण्यापासून सुरुवात करतात. प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या घरासाठी आणि पुढे आप्तांसाठी जी यंत्रे जुळवली, त्यांच्या अनुभवावरून मात्र हा क्रम उलटा असावा असे दिसून आले. आवाज पंख्याचा असतो, पंखा उष्णतेमुळे फिरतो, उष्णता खर्च होणाऱ्या विजेतून निर्माण होते, आणि वीज किती खर्च होणार हे मुख्यतः चित्रण उलगडताना प्रोसेसरला किती राबावे लागते यावर ठरते. त्यामुळे पहिला निर्णय पंख्याचा नसून त्या संगणकावर काय पाहिले जाणार आहे याचा असतो.

चित्रण साठवताना ते आकुंचित करावे लागते, आणि आकुंचनाच्या व पुन्हा उलगडण्याच्या ठरावीक पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ साली एच.२६४, २०१३ साली एचईव्हीसी आणि २०१८ साली एव्ही-१ असे कोडेक आले, आणि दर वेळी फाइल लहान होत गेली तसे ती उलगडण्याचे गणित जड होत गेले. प्रोसेसरमधील ग्राफिक्सच्या भागात त्या त्या कोडेकसाठी खास मंडल बसवलेले असेल तर हे गणित जवळजवळ फुकटात सुटते, ज्याला हार्डवेअर डिकोडिंग म्हणतात. ते नसेल तर प्रोसेसरचे सगळे कोअर त्या एका कामाला जुंपले जातात. इंटेलच्या सहाव्या पिढीत एचईव्हीसीचे आठ-बिट चित्रण अशा मंडलातून सुटते, पण दहा-बिट चित्रण, म्हणजे ज्यात प्रत्येक रंगघटकाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा असतात ते, पूर्णपणे सुटते ते सातव्या पिढीपासून, आणि फोर-के चित्रपट बहुधा दहा-बिटच असतात. हाच फरक प्रस्तुत लेखकाने दोन सेकंड हँड यंत्रांवर एकच फाइल लावून पाहिला. बाहेरून ओळखू न येण्याइतकी सारखी ती यंत्रे होती, एकात आय-५ ६५००टी तर दुसऱ्यात आय-५ ७५००टी होता. पहिल्याचा चिमुकला पंखा शीर्षके संपण्याआधीच शिट्टीसारखा वाजू लागला आणि चित्र अडखळू लागले, तर दुसऱ्यात प्रोसेसर चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी आकडे काढून बघावे लागले. एव्ही-१साठी इंटेलची अकरावी पिढी किंवा त्यानंतरची लागते. एएमडीकडे पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की लोकप्रिय असलेल्या रायझन ५६००जीमध्ये ते मंडल नाही.

अशी सेकंड हँड यंत्रे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, पाहायला मिळतात. कंपन्यांनी कार्यालयांतून काढलेली डेलची मायक्रो, लेनोव्होची टायनी, एचपीची मिनी ही यंत्रे जाडजूड पुस्तकाएवढी असून त्यांत नावापुढे ‘टी’ लागलेला, ३५ वॉटच्या मर्यादेत चालणारा प्रोसेसर असतो, आणि वीज लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अडॅप्टरमधून येते. दुकानदार ‘आय-५ आहे’ एवढेच सांगतो; पुढचे चार आकडे ग्राहकाने स्वतः वाचायचे असतात. पाठीमागची भोकेही तपासून घ्यावी लागतात, कारण यांतील बऱ्याच यंत्रांना डिस्प्लेपोर्ट असतो, जो टीव्हीला जवळजवळ कधीच नसतो, आणि एचडीएमआय असलेच तर ते १.४ आवृत्तीचे असू शकते. त्या आवृत्तीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळांहून अधिक जात नाही. चित्रपटाला ते पुरते, पण मेन्यू सरकवताना हात जड झाल्यासारखा वाटतो. ज्यांना नवे यंत्र हवे त्यांच्यासाठी इंटेलचा २०२३ च्या आरंभी आलेला एन-१०० हा प्रोसेसर आहे, ज्याची नोंदलेली मर्यादा अवघी ६ वॉट असून त्यात एव्ही-१ही सुटते. खेळ खेळायचे नसतील तर याहून महाग काही घेण्याचे कारण प्रस्तुत लेखकाला दिसत नाही. रॅम ८ जीबी पुरते.

उष्णता एवढी आटोक्यात आली की मग पंख्याचा विचार अर्थपूर्ण होतो. आवाज डेसिबल या लघुगणकी एककात मोजतात, म्हणजे १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते; पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि म्हणूनच मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा ७०० फेऱ्यांनी फिरणारा १२० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा कितीतरी शांतपणे हलवतो. कानाला सततच्या आवाजापेक्षा त्यातला चढउतार अधिक खुपतो, त्यामुळे बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्याचा वेग तापमानाच्या प्रत्येक हिसक्यासरशी न बदलता सावकाश बदलेल अशी व्यवस्था करणे हा बिनखर्चाचा उपाय महागड्या पंख्याहून पुष्कळदा सरस ठरतो. शिवाय शांतता ही खोलीच्या तुलनेत मोजायची असते. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत वर्षाचा बराच काळ छताचा पंखा चालू असतो, आणि त्याच्याखाली संगणकाची हलकी घरघर कुणाला ऐकूच येत नाही. ती ऐकू येते डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, किंवा खिडक्या बंद करून एसी मंद लावलेला असताना. तेवढ्या रात्रींसाठी किती पैसे मोजायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

पंखाच नको, असे म्हणणाऱ्यांनी आपला उन्हाळा हिशेबात धरावा. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमधून, म्हणजे हीटसिंकमधून, हवेत जाणारी उष्णता दोहोंच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. खोली २५ अंशांवर असताना जो हीटसिंक ५५ अंशांवर स्थिरावतो, तो नागपूरच्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की ७० च्या आसपास जातो, आणि आतला प्रोसेसर त्याहून बराच वर असतो. १०० अंशांच्या जवळ गेल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून घेतो. सहा-दहा वॉटच्या यंत्राला हे सोसते, ३५ वॉटच्या यंत्राला टीव्हीखालच्या बंद शोकेसमध्ये सोसत नाही. म्हणून थंड प्रदेशातील लोकांनी केलेली पंखाविरहित यंत्रांची स्तुती सावधपणे वाचावी, आणि एक मोठा, मंद पंखा ठेवून शोकेसच्या मागच्या प्लायवूडला सुताराकडून हातभर रुंद खिडकी पाडून घ्यावी.

पंख्याइतकाच, किंबहुना त्याहून चिवट, आवाज हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९०, आणि तबकड्यांच्या तोलात जरासा फरक असला तरी त्या गतीची थरथर डिस्कखालच्या पृष्ठभागात उतरते, आणि तो पृष्ठभाग पोकळ असेल तर तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे तो तिला मोठे करतो. प्रस्तुत लेखकाच्या घरी टीव्हीच्या बाजूने येणारी ‘हूं’ अशी एक सलग गुणगुण पंखा बंद केल्यावरही थांबली नाही. शोकेसच्या फळीवर तळहात ठेवताच ती बोटांना जाणवली, आणि डिस्क उचलून धरली की एकदम नाहीशी झाली. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे दुमडून डिस्कखाली ठेवल्यावर ती परत ऐकू आली नाही. त्याहून चांगला मार्ग म्हणजे संगणकात छोटा एसएसडी ठेवून चित्रपटांची डिस्क दुसऱ्या खोलीत, राउटरजवळ, नेणे. फोर-के ब्लू-रेची गतीही जास्तीत जास्त सेकंदाला १२८ मेगाबिटच्या घरात असल्याने गिगाबिटची साधी लॅन वायर तिला पुरून उरते.

एसएमपीएस, म्हणजे घरातील २३० व्होल्टची वीज संगणकाला चालेल अशी करून देणारा डबा, या बाबतीत मोठा तो चांगला हा समज आड येतो. तीस वॉट घेणाऱ्या यंत्राला ५०० वॉटचा एसएमपीएस लावला तर तो आपल्या कार्यक्षम पट्ट्याच्या पार खाली चालतो, कारण ‘८० प्लस’चे साधे प्रमाणपत्र २० टक्के भारापासूनच वरचे असते, वर स्वस्त डब्यातला पंखा गरज असो वा नसो फिरत राहतो. बाहेरच्या अडॅप्टरला पंखाच नसतो. मात्र इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह जातीचा असेल, तर वीज गेल्यावर काही अडॅप्टर किणकिणू लागतात, आणि त्या वेळी दोष संगणकाचा नसतो.

चित्राच्या गतीचा मुद्दा आवाजाशी संबंधित नसला तरी खरेदीशी आहे. डिस्कवरचा चित्रपट सहसा सेकंदाला २३.९७६ चौकटींचा, तर दूरदर्शनच्या परंपरेतील मालिका, नाटकांची चित्रणे आणि मराठी डीव्हीडी बहुधा २५ चौकटींच्या असतात. टीव्ही ६० हर्ट्झवरच अडकलेला असेल तर २५ ची विभागणी समान होत नाही, आणि नाटकाअखेर वर सरकणारी श्रेयनामावली ठेचकाळत जाते. ग्राफिक्सला ५० आणि २३.९७६ हर्ट्झ हे दोन्ही देता येतात ना, एवढे पाहून कोडी या मोफत प्लेअरमध्ये चौकटींनुसार टीव्हीची गती बदलण्याची सोय चालू केली की हे मिटते.

टीव्हीच्याच रिमोटने जोडलेले यंत्र चालवण्याच्या सोयीला सीईसी म्हणतात, आणि संगणकांच्या एचडीएमआयमध्ये ती सहसा नसते. यूएसबीला लावायचा वेगळा जोड घ्यावा लागतो किंवा छोटा बिनतारी रिमोट. घरातील वडीलधारी मंडळी सोफ्यावर कीबोर्ड घेऊन बसत नाहीत, म्हणून ही रक्कम पहिल्याच यादीत धरावी. ज्या घरात केवळ ओटीटी सेवाच पाहिल्या जातात, तिथे तर हा सारा खटाटोपच अनाठायी आहे. नक्कल होऊ नये म्हणून या सेवा ब्राउझरला, विशेषतः लिनक्सवर, सर्वोच्च दर्जाचे चित्र सहसा देत नाहीत, आणि टीव्हीच्या मागे खोचायची साधी स्टिक तेच चित्र पूर्ण दर्जात, पंख्याशिवाय आणि पुष्कळ कमी पैशांत दाखवते. संगणक लागतो तो ज्यांच्या कपाटात स्वतःच्या डिस्क, लग्नाच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली चित्रणे आणि कुठल्याही सेवेवर न मिळणारी नाटके आहेत त्यांना.