निळें रक्त आणि तांबें

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शास्त्राच्या वर्गांत कांचेची एक टांकी होती. मुलांनीं नदीवरून आणलेल्या सात-आठ कोळंब्या तींत सुखानें नांदत होत्या. उन्हाळा लागला आणि टांकींत शेवाळ माजलें. मोरचुदानें शेवाळ मरतें, एवढें आम्हांस ठाऊक होतें. एके सायंकाळीं आम्ही मोरचुदाची चिमूट पाण्यांत विरघळविली व निश्चिंत मनानें घरीं गेलों. सकाळीं येऊन पाहतों तों शेवाळ जागच्या जागीं, आणि कोळंब्या मात्र तळाशीं मरून पडलेल्या!

मुलें कांहीं बोललीं नाहींत. फक्त एकानें हळूच विचारलें, "सर, कोळंबीच्या रक्तांत तांबें असतें, असें आपणच शिकविलें होतें ना? मोरचूद हाही तांब्याचाच क्षार. मग त्यानें त्या कशा मेल्या?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुढें पुस्तकें चाळून जें समजलें, तें येथें देत आहों.

आपलें रक्त लोहामुळें लाल असतें. कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्या रक्तांत प्राणवायु वाहण्याचें काम तांबें असलेलें एक द्रव्य करतें. त्यास हिमोसायनिन म्हणतात. प्राणवायूचा एक रेणु धरण्यास तांब्याचे दोन अणु लागतात, आणि तो धरतांच रक्त निळें दिसूं लागतें. परंतु हेंच तांबें मोकळें सुटलें कीं पेशींतील नाजूक द्रव्यांचा नाश करूं लागतें. म्हणून हे प्राणी त्यास मोकळें राहूं देत नाहींत. त्यांच्या पोटांत यकृताचें काम करणारी एक ग्रंथि असते. तींतील मेटॅलोथायोनिन नांवाच्या लहानशा प्रथिनांत गंधकाचे पुष्कळ अणु असतात. ते तांब्यास घट्ट धरून ठेवतात. त्याहून अधिक झालेलें तांबें पेशींतील सूक्ष्म पिशव्यांत कणरूपानें कोंडलें जातें. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील निळ्या खेकड्यांत याचा विशेष अभ्यास झाला आहे. खेकडा जुनें कवच टाकतो त्या सुमारास त्याच्या रक्तांतील हिमोसायनिन कमी होतें. तेव्हां सुटणारें तांबें हेंच प्रथिन सांभाळतें, असें शास्त्रज्ञ मानतात.

मग आमच्या कोळंब्या कां मेल्या? अंगांतील तांबें बंदोबस्तांत होतें. आम्ही घातलेलें मोकळें होतें. पाण्यांतील असें तांबें प्रथम कल्ल्यांवरच घाला घालतें. कल्ल्यांचें काम बिघडतें व अंगांतील मीठ बाहेर पाझरूं लागतें. संरक्षक प्रथिन वाढविण्याची शक्ति या प्राण्यांत असते. पण त्यास अवधि लागतो. आम्ही त्यांस एक रात्रही दिली नाहीं.

तो विद्यार्थी उत्तर मिळण्यापूर्वींच शाळा सोडून गेला. हा अंक त्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या हातीं पडल्यास हें उशिराचें उत्तर त्यानें स्वीकारावें. आणि ज्यांच्या घरीं अशी टांकी असेल, त्यांनीं औषध घालण्यापूर्वीं आंत कोण राहतें तें एकवार पाहावें. आम्ही तें पाहिलें नाहीं.