पाहुणा, तळे आणि वावर

पावसाळा भरास आला म्हणजे आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील कुंतला धबधब्याच्या वाटेवर रविवारी मोटारींची रीघ लागते. कडेम नदी तेथे सुमारे ४५ मीटर उंचीवरून खाली झेपावते. निर्मात्याचे ते वैभव पाहून मन नम्र होते. परंतु परतताना दृष्टी वाटेवरच्या वावरांकडे वळते. मोटारी कपाशीला अगदी घासून जातात, पण ज्याच्या बांधाशेजारून त्या जातात, त्या शेतकऱ्याच्या घरी त्या गर्दीतील एक रुपयाही उतरत नाही.

अशाच एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वृद्ध शेतकरी देवळाच्या पायरीवर माझी वाट पाहत बसले होते. मला म्हणाले, "फादर, सडकेलगतचे पाच एकर विकून टाकावे म्हणतो. घेणारा तिथे हॉटेल बांधणार आहे. पोरगा म्हणतो, कापसात उरते काय? बियाणे, खत, फवारा, मजुरी यांतच सारे जाते." मजजवळ उत्तर नव्हते. जमीन विकू नका असा उपदेश करणे सोपे असते. पण कर्जाचा हप्ता उपदेशाने फिटत नाही. मी एवढेच म्हणालो, "बाबा, नाताळापर्यंत थांबा."

पुढे काही कामानिमित्त मुंबईकडे जाण्याचा योग आला. आदिलाबादहून नंदीग्राम एक्स्प्रेसने किनवट, नांदेड, मनमाड करीत कल्याण गाठले आणि तेथून कर्जतच्या लोकलने नेरळला उतरलो. माथेरानची छोटी गाडी जेथून डोंगर चढते, तेच हे नेरळ. तेथून थोड्या अंतरावर उल्हास नदीच्या काठी सगुणा बाग आहे. श्री. चंद्रशेखर भडसावळे यांचे नाव मी ऐकून होतो. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन ते परत आपल्या घरच्या शेतीकडे वळले, आणि १९८५ च्या सुमारास, 'कृषी पर्यटन' हा शब्द महाराष्ट्रात कोणाच्या ओठी नसताना, त्यांच्या कुटुंबाने शेतावर पाहुणे उतरवून घेण्यास प्रारंभ केला. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण आले ते २०२० साली. म्हणजे शेतकरी शासनाच्या पुढे सुमारे पस्तीस वर्षे चालला होता!

तेथे माझे दोन दिवस गेले. वाचकहो, हिरवळ आणि शुद्ध हवा यांचे वर्णन मी करीत बसत नाही. ती आपल्याकडेही आहे. माझे मन वेधून घेतले ते तळ्यांनी. काठावर शहरातील मुले गळ टाकून बसली होती. मुंबईहून आलेला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा दर मिनिटाला विचारी, "कधी लागणार?" शेवटी तेथील गडी हसून म्हणाला, "भाऊ, पाण्याला घाई नसते." पाऊण तासाने मुलाचा गळ हलला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला, की त्याच्या वडिलांनीही हातातील मोबाइल खिशात ठेवला. बाप आणि लेक इतका वेळ एकमेकांजवळ स्वस्थ बसल्याला किती दिवस झाले असतील, असा विचार मनात येऊन गेला.

मत्स्यशेतीचे शास्त्र मला या निमित्ताने थोडे उमगले. कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे एकाच तळ्यात सुखाने नांदतात, कारण कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. कोणी कोणाच्या ताटात हात घालीत नाही. एकत्र कुटुंबाला याहून चांगला पाठ कोणता मिळावा? गोठ्यातील शेण बेताने तळ्यात सोडले की पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात व ते माशांचे अन्न होते. तळे आटले की तळचा गाळ झाडांच्या मुळाशी जातो. या माशांना साठलेल्या पाण्यात अंडी घालता येत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचे वाहते पाणी लागते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात संप्रेरकाची सुई देऊन ही अडचण दूर केली, म्हणून आज गावोगावच्या शेतकऱ्याला मत्स्यबीज मिळू शकते. १० जुलै हा दिवस त्याच स्मरणार्थ पाळला जातो.

दुसरी गोष्ट भाताच्या शेतात पाहिली. श्री. भडसावळे यांनी विकसित केलेली 'सगुणा राइस तंत्र' ही पद्धत आता पुष्कळ ठिकाणी पोचली आहे. तीत गादीवाफे एकदाच करावयाचे. मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. भात कापल्यावर त्याची मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची, की गांडुळे आपले काम करतात आणि माती भुसभुशीत होते. तण मारण्यासाठी या पद्धतीत औषध वापरतात, म्हणून तिला काटेकोर अर्थाने सेंद्रिय म्हणता येणार नाही. तथापि मातीचे पोट आधी भरावे हा तिचा गाभा मला मोलाचा वाटला.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडीत बसलो. नेरळ मुंबईच्या कुशीत आहे, आदिलाबाद नाही. तेथे बाग मोठी, येथे पाच एकर. तेव्हा त्यांची नक्कल येथे उतरणार नाही. मग घ्यावयाचे काय? माझ्या मते एकच गोष्ट. तेथे पाहुणा येतो तो शेत पाहावयास. म्हणून त्या कुटुंबाला शेत राखावेच लागते. तळे बुजवून खोल्या बांधल्या, तर पाहुणा उद्या कशासाठी येईल? याच्या उलट वावर विकून उभ्या राहिलेल्या हॉटेलात आलेल्या माणसाला त्या मातीचे काहीच देणे लागत नाही, आणि काल तिचा धनी असलेल्याचा मुलगा तेथे ताटे उचलतो. आतिथ्याने जमीन राखली जाऊ शकते आणि आतिथ्याच्या नावानेच ती हातची जाऊही शकते. धनी कोण राहतो, यावर सारे अवलंबून आहे.

तिबेरियाच्या सरोवराकाठची ती पहाट आपणांस ठाऊक आहे. रात्रभर राबून शिष्यांचे जाळे रिकामेच राहिले होते. पुनरुत्थित प्रभूने किनाऱ्यावर निखारे पेटविले, मासळी व भाकर ठेवली आणि थकलेल्यांना न्याहारीस बोलाविले. पेत्रावर कळप सोपविला तो त्यानंतर. जगाचा स्वामी त्या दिवशी यजमान झाला होता. आपल्या घरातील भाकर, पिठले आणि तळ्यातील मासा पाहुण्यापुढे ठेवताना शेतकऱ्याने संकोचण्याचे कारण नाही. त्या कामाला प्रभूच्या हाताचा स्पर्श झालेला आहे.

नाताळच्या आदल्या आठवड्यात ते बाबा मुलाला घेऊन आले. जे पाहिले ते मी सांगितले. जमवून घ्या असे म्हटले नाही, फायद्याची हमीही दिली नाही. अर्ध्या एकरात शेततळे, एक स्वच्छ खोली, एक बरे न्हाणीघर, आणि धबधब्याहून परतणाऱ्यांसाठी रविवारचे जेवण, इतके लहान आरंभाला पुरे, एवढेच म्हणालो. म्हातारे गप्प होते. मुलगा मात्र उंबऱ्यापाशी थांबला आणि विचारता झाला, "फादर, रोहूला पाणी किती खोल लागते?"

पाच एकर अजून विकलेले नाहीत. वाचकहो, त्या कुटुंबासाठी आपल्या प्रार्थनेत एक वाक्य असू द्या.