सकाळी 5, संध्याकाळी 6

माझ्या औषधांच्या फायलीत, रक्ताच्या रिपोर्टांमागे, चौकटीच्या वहीचं एक पान आहे. त्यावर पेन्सिलीनं लिहिलंय : सकाळी 5, संध्याकाळी 6, सकाळी 7...

चौदा वर्षं सोरायसिस माझ्या कोपरांवर, नडग्यांवर, डोक्यात ठाण मांडून होता. डांबराची मलमं झाली, आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी झाली. यकृताचे रिपोर्ट बिघडले, तेव्हा डॉक्टरांनी बायोलॉजिक प्रकारचं औषध सुचवलं. दडलेला क्षय अशा औषधांनी उसळू शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी झाली. मग सेक्युकिनुमॅब सुरू झालं : 300 मिलिग्रॅम, आधी दर आठवड्याला एक असे पाच डोस, मग दर चार आठवड्यांनी एक. त्वचेत दाह पेटवणारं आयएल-17ए नावाचं एक प्रथिन असतं, त्यालाच ते अडवतं. रोग मुळापासून जात नाही. पण चौथ्या महिन्यात मी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून वर्गात उभी राहिले.

अशा औषधांमागचं तंत्र 1975 साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी शोधलं. त्याचं पेटंट घेतलं गेलं नाही. ते ऋण मी वर्गात शिकवते. दुसरं ऋण शेजारचं.

3 जून 2020. निसर्ग वादळानं दापोलीकडची वीज गेली, ती लवकर येईना. पुढचा डोस फ्रिजमध्ये होता, पीएफमधून पैसे काढून आणलेला. त्याला 2 ते 8 अंश लागतात, आणि गोठलं तर वाया, म्हणून बर्फातही ठेवता येईना. मासळी विकणाऱ्या मावशींच्या मुलाकडे जनरेटर होता, सकाळ-संध्याकाळ चालणारा.

"बाई, माझ्या फ्रिजात ठेवा," मावशी म्हणाल्या.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक सोबत दिला. मावशींची नात माझ्याच सातवीच्या वर्गात. जनरेटर सुरू झाला की ती आकडा बघायची आणि टिपून ठेवायची.

नवव्या दिवशी डोस घ्यायची तारीख आली. मी खोका आणायला गेले. मावशींनी फ्रिज उघडला. आत दुसरं काहीच नव्हतं. दूध नाही, मासळी नाही, पाण्याची बाटलीही नाही.

"काय ठेवलं असतं तर पोरं सारखी दार उघडत बसली असती," मावशी म्हणाल्या.

नातीनं वहीचं पान फाडून माझ्या हातात दिलं. नऊ दिवसांत एकही आकडा आठच्या वर गेला नव्हता.