जमिनीलगत

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण ऊस तोडणाऱ्याची नसावी, खाणाऱ्याची असावी. तोडणाऱ्याला गोडीचं कुणी विचारत नाही. त्याला एवढंच बजावलेलं असतं, की कोयता जमिनीला लावून मार. कारण साखर बुंध्याकडच्या कांड्यांत जास्त, शेंड्याकडे कमी. बुडखा रानात उभा राहिला, तर शेतकऱ्याच्या उसाचं वजन घटतं आणि कारखान्याचा साखर-उताराही. शिवाय खालून नीट छाटलेल्या उसाचा खोडवा, म्हणजे त्याच मुळांवरचं पुढचं पीक, जोमानं फुटतो. म्हणजे मुळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, आणि मूळ मात्र शाबूत ठेवायचं. म्हणीत नुसता संयम आहे. फडात त्यामागे पुढच्या वर्षीचा हिशेबही आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात, तेव्हा ही म्हण पाठ सोडत नाही. कोपीचे म्हणजे झोपडीचे बांबू, ताडपत्री, धान्याची पोती, भांडी, गोधड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर माणसं. ऊसतोडीसाठी बीडहून निघालेली ही वाहनं सांगली-कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, नाहीतर थेट कर्नाटकातल्या बेळगावची वाट धरतात. प्रवासाआधीच मजूर ठरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि दवाखाना, लग्न, बी-बियाणं यांत ती बहुतेक संपलेलीही असते. खर्चून झालेले पैसे फेडायला अख्खं घर रस्त्याला लागतं.

त्या गर्दीत एखादी नवी सून असते. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल त्याच मापानं. हे माप रानात थांबत नाही, लग्नाच्या वयापर्यंत पोचतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 40 हून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. सगळंच काही कोयत्यामुळे नव्हे. पण ज्या मुलीचा संसार पाचटाच्या कोपीत सुरू होतो आणि जिची पहाट मोळ्या बांधण्यात जाते, तिच्यासाठी माहेर सोडणं आणि गाव सोडणं एकाच हंगामात घडतं. ती पुढे कोणतं घर आपलं मानत असेल?

मग मुलांचं काय, हा प्रश्न बाकी सगळ्याला मागे सारतो. एक उपाय साखरशाळेचा: मूल आईबापांबरोबर जाईल, शाळा कारखान्याजवळ भरेल. दुसरा हंगामी वसतिगृहाचा: आईबाप जातील, मूल गावात आजी-आजोबांपाशी राहील आणि जेवणाची सोय शासन करील. कागदावर दुसरा उपाय जास्त पटतो. वर्ग तुटत नाही, परीक्षा बुडत नाही. हेच ते मूळ राखणं, असं वाटून जातं. पण मागे राहिलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी धाकट्यांची आई होऊन बसते, आणि थकलेली आजी तिला पुरी पडत नाही. बरोबर गेलेली मुलगी फडाच्या कडेला तान्ह्या भावाला सांभाळते. शाळा दोन्हीकडे सुटू शकते. एकीकडे निदान रात्री आई जवळ असते. कुणाची निवड योग्य, हे ठरवायचा अधिकार बाहेरच्या माणसाला आहे तरी का?

आणि मूळ गावातच असतं, हे तरी इतकं पक्कं धरावं का? एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या सुमारे 1 लाख 31 हजार ऊसतोड कामगारांना राज्य सरकारनं गावी परतायची परवानगी दिली. संकटात सगळ्यांची ओढ बीडकडे, नगरकडे, म्हणजे आपल्या घराकडे होती. तेव्हा उत्तर मिळाल्यासारखं वाटलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधल्या बैठकीत तोडणीच्या दरात सरासरी 14 टक्के वाढ ठरली, ऊसतोड कामगारांचा संप मिटला आणि वाहनं पुन्हा भरून निघाली. ती केवळ उचलीपायी निघाली असं म्हणणं सोपं आहे. पण ज्यांनी जन्मापासूनचा जवळजवळ प्रत्येक हिवाळा फडात काढला, ज्यांची लेकरं तिथेच चालायला शिकली, त्यांनी त्या परक्या रानात काहीच रुजवलं नसेल, हे म्हणायला मन धजत नाही. आणि रुजवलं असेल, तर उन्हाळ्यात पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ते मागे ठेवून येताना त्यांना काय होत असेल?