दोनशे चौदा पत्ते

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी हसलेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, घरात मालवणी. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

तर झालं असं. आमचं घर देवबागला. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे पर्यटक वाढले, तेव्हा बाबांनी मागच्या अंगणात तीन खोल्या बांधल्या. पावसाळ्यात खोल्या रिकाम्याच असतात. गेल्या जूनमध्ये सुट्टीला घरी होते, तेव्हा वाटलं, इंजिनिअर होणार आपण, घरच्या धंद्याला थोडा हातभार लावू!

पाहुण्यांच्या रजिस्टरमधून २१४ ई-मेल पत्ते टाइप केले आणि रात्री सगळ्यांना एकच मेल पाठवला. ‘दिवाळीत या, दहा टक्के सूट.’ लोकांनी उघडावा म्हणून विषय लिहिला, ‘तुमच्या बुकिंगबाबत’. आणि सगळे पत्ते ‘टू’ मध्ये! बीसीसी नावाची सोय असते, हे कॉम्प्युटर ब्रँचच्या मुलीला आठवलंच नाही.

सकाळी सहाला बाबांचा फोन वाजला. पुण्याच्या एक आजी घाबरल्या होत्या. बुकिंग केलंच नाही, मग पैसे कापले की काय? बाबांना कशाचाच पत्ता नाही. मग न्यू जर्सीच्या एका काकांचं उत्तर आलं, तेही सगळ्यांना. ‘पत्ता खोलीसाठी दिला होता, २१३ अनोळखी माणसांना वाटायला नाही. माझं नाव काढा.’

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “पावणो विश्वासान पत्तो लिवता गो.” आणि रजिस्टर कपाटात ठेवून दिलं.

मग मी कायदे वाचत बसले. अमेरिकेत २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आहे, १ जानेवारी २००४ पासून लागू. त्यात व्यावसायिक मेलवर बंदी नाही, पण विषय फसवा नको, पाठवणाऱ्याचा खरा टपाली पत्ता हवा, ‘पुन्हा पाठवू नका’ सांगायची सोय हवी आणि तसं कोणी सांगितलं की कामकाजाच्या दहा दिवसांत ऐकायला हवं. माझा मेल पहिल्या तीन परीक्षांत नापास! कॅनडाचा २०१४ पासून लागू झालेला कायदा आणखी कडक. तिथे आधी संमती लागते. जुनं गिऱ्हाईक असेल तर खरेदीनंतर दोन वर्षं ती गृहीत धरतात. आमच्या रजिस्टरमध्ये तर दहा-दहा वर्षांपूर्वीचे पाहुणे होते.

आणि आपल्याकडे? फोन आणि एसएमएससाठी ‘ट्राय’चे २०१८ चे नियम आहेत, १९०९ वर नको म्हणता येतं. ई-मेल स्पॅमसाठी असा वेगळा कायदा नाही. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं.

हे सगळं आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, “ह्येका कायदो कित्याक होयो? बोलावणा एकदा देवचा. नको म्हटल्यार गप रवाचा.”

मी प्रत्येकाला वेगळा माफीचा मेल पाठवला. खाली घरचा पत्ता दिला आणि विचारलं, वर्षातून एकदा बातमी कळवली तर चालेल का? उत्तर नाही आलं, तर नाव काढून टाकेन. ६१ जण ‘हो’ म्हणाले. काकांचं नाव तर मी त्याच दिवशी काढलं होतं. ते परत येतील असं वाटत नाही.

आता रजिस्टरमध्ये एक नवीन रकाना आहे: ‘मेल पाठवू का? हो / नाही.’ तो आखून दिल्यावर बाबांनी रजिस्टर पुन्हा ओटीवर ठेवलं.

जाता जाता एक विचारू? आपल्या गॅदरिंगच्या रजिस्ट्रेशनला आपण सगळ्यांचे ई-मेल घेतो आणि मग ती यादी स्पॉन्सर्सना देतो. यंदा फॉर्मवर तो एक रकाना आखायचा का?